पाहुण्यांनी केलेलं दार

सकाळचा चहा तो कारखान्यातच घेई, कामाच्या टेबलाशी, उभ्या उभ्या. त्या दिवशी बायकोनं कप ठेवला, कपाखालचा भुसा हातानं बाजूला सारला आणि संध्याकाळी भाजी कुठली आणायची हे विचारावं तितक्या सहज म्हणाली, "बाबा म्हणतायत, मधलं दार काचेचं करून घ्या." एवढं बोलून ती जिना चढून गेलीसुद्धा. कपाकडे गेलेला त्याचा हात वाटेतच थांबला. मानेच्या खाली, दोन खांद्यांच्या मधोमध, एक जागा एकदम जागी झाली. त्या जागेची त्याला चांगली ओळख होती. घोड्याच्या पाठीवरची माशी हाकलली तरी फिरून त्याच ठिकाणी बसते, तशी म्हाताऱ्याची नजर इतकी वर्षं तिथंच येऊन बसत आली होती. आणि गेले काही महिने ती नव्हती, म्हणून अशी एक जागा आपल्या अंगावर आहे हेही तो विसरून गेला होता. चहावर साय धरली. त्यानं तो तसाच राहू दिला आणि रंधा उचलला, पण रंधा हातात घेऊन तो मधल्या दाराकडेच बघत राहिला. जाड फळ्यांचं, बिनरंगाचं, मठ्ठ दार. याच्याइतकं सुंदर दार आपण जन्मात पाहिलं नाही, असं त्याला वाटलं.

म्हातारा म्हणजे त्याचा सासरा. दारं-खिडक्यांचा हा कारखाना सासऱ्यानं स्वतःच्या हातांनी उभा केलेला. खाली कारखाना, वर घर. मूल एकच, मुलगी. तिच्याशी लग्न झालं तेव्हा तो एका मोठ्या कंपनीत प्लायवूडची दारं चिकटवायच्या कामावर होता. दिवसभरात ढीगभर दारं, सगळी एकसारखी, एकही आपलं न वाटणारं. सासरा म्हणाला, या इकडे, हाताला काम लागेल आणि कामाला हात. त्याला ते बोलणं फार आवडलं होतं. गल्लीतले लोक पाठीमागं घरजावई म्हणत, त्याचं त्याला काही वाटलं नाही. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. लागला तो सासऱ्याचा शब्द, आणि तोही लगेच नाही. पहिल्या दिवशी म्हाताऱ्यानं त्याला चौकटीचा एक सांधा करायला दिला. एका लाकडात चौकोनी भोक, दुसऱ्याच्या टोकाला त्यात घट्ट जाईल असं कुसू. त्यानं जीव ओतून केला. म्हाताऱ्यानं तो खिडकीपाशी नेला, उजेडात धरून फिरवला आणि कारखान्यातल्या पॉलिशवाल्याला म्हणाला, "पाहुण्यांनी मन लावून केलंय हं." पॉलिशवाला हसला. तोही हसला. जावयाला पाहुणे कोण म्हणत नाही? त्यात मानच आहे. त्या मानाला दुसरी बाजू आहे हे कळायला बराच काळ जावा लागला. पाहुण्यावर कुणी ओरडत नाही. पाहुण्याला लाकडाच्या कोठीची किल्ली कुणी देत नाही. पाहुण्याच्या हातून काही सांडलं तर असू दे, असू दे म्हणतात आणि तो गेल्यावर पुसून घेतात. म्हातारा नेमकं तेच करी. यानं संध्याकाळी सरस लावून शिकंज्यात आवळून ठेवलेली झडप सकाळी बघावी, तर एखादी कड हलकेच आणखी एकदा रंधलेली. कुठं एखादा कोपरा पटाशीनं साफ केलेला. त्यावर एक शब्द नाही. आधी त्याला भास वाटला. मग त्यानं एका कडेला पेन्सिलीची बारीक रेघ मारून ठेवली, आणि सकाळी रेघ गेलेली होती. जावयाला दशमग्रह म्हणतात, सासऱ्याच्या राशीला बसलेला; इथं सगळी पत्रिकाच उलटी पडली होती. हळूहळू त्यानं कामाला शेवटचा हात मारणंच सोडून दिलं. म्हातारा मारणारच आहे, तर आपण कशाला मारा? आणि दिवसभर कोपऱ्यातल्या उंच स्टुलावर बसून म्हातारा ते बघत असे, गुडघ्यांवर हात ठेवून, तोंडातून अवाक्षर न काढता.

त्या स्टुलावरून तो उतरला तो कोठीत एक फळी निवडायला. जावयानं निवडलेली फळी त्याला पसंत पडली नव्हती. शिडी सरकली. खुब्याचं हाड मोडलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की या वयात आता चालण्याची आशा धरू नका. जिना चढवणं शक्य नव्हतं, म्हणून कारखान्यामागची कोठी रिकामी केली, तिथं पलंग टाकला आणि मधलं दार लोटून घेतलं. पहिले काही दिवस जावई ओझं उतरलेल्या हमालासारखा तिरकाच चालत होता. मग एके दिवशी एका खिडकीची झडप त्यानं सवयीनं अर्धवट ठेवली आणि सकाळी येऊन बघतो तर ती तशीच अर्धवट होती. कुणीही तिला हात लावला नव्हता. तो कितीतरी वेळ तिच्यासमोर उभा राहिला. मग त्यानं रंधा लावला, कागद लावला, कडा बोटांनी चाचपल्या, आणि काम पुरं झालं. आपल्याला काम पुरं करता येतं ही गोष्ट त्याला पन्नाशी जवळ आल्यावर कळली. तो कामावर शीळ घालू लागला. पॉलिशवाल्यानं एकदा मान वर करून बघितलंही, हा आवाज कुठून येतोय म्हणून.

आणि आता काचेचं दार.

माप घ्यायला आत गेला तेव्हा म्हातारा उशीला टेकून बसला होता. चेहरा बसला होता, पण डोळे तेच. त्यानं जावयाकडे बघितलं नाही, चौकटीकडे बघितलं, आणि दार कसं हवं ते सांगत गेला. खाली लाकडी फळी, कंबरेपासून वर काचा. एक मोठी काच नको, लहान लहान, मध्ये बारीक दांड्या, जुन्या पद्धतीनं. कुसू आरपार काढायचं आणि बाहेरून पाचरी मारायच्या. स्क्रू कुठंही नको, बिजागरीखेरीज. काच लांबीच्या लगद्यात बसवायची, पट्ट्या ठोकून नाही. "आणि काच साधी," म्हातारा म्हणाला. "ती खडबडीत, धुरकट नको. दिवसभर भिंत बघून डोळे गेले माझे. कारखाना दिसला पाहिजे." तो टेप गुंडाळत होता. बरंच काम हातात आहे, थोडा वेळ लागेल, असं तो कसंबसं म्हणाला. "लागू दे की पाहुणे," म्हातारा म्हणाला. "मी कुठं जातोय?"

त्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला विचारलं, तू त्यांना नको म्हणून सांगितलं नाहीस? तिनं पाणी वाढता वाढता त्याच्याकडे बघितलं. पडून राहिलेल्या माणसाला काहीतरी बघायला नको का, असं तिनं विचारलं. माझ्या पाठीवर एक जागा आहे, असं सांगायचं? तिला वडील आणि नवरा यांच्यातलं काही माहीत नव्हतं असं नाही. पण तिनं त्याला कधी नाव दिलं नव्हतं. या घरात ती निरोप नेणारी होती. बाबा म्हणतायत. हे म्हणतात. दोघांच्या मध्ये ती जिन्यासारखी होती, आणि जिन्याकडे कोण बघतं?

त्याला वाटलं होतं की दार करताना हात चालणार नाही. झालं भलतंच. हात असे चालले की त्यालाच नवल वाटलं. त्यानं कोठीतून आणून ठेवलेल्या लाकडांतून सगळ्यांत जुनं, सरळ रेषेचं सागवान काढलं. म्हाताऱ्यानं कुठल्याशा मोठ्या कामासाठी राखून ठेवलेलं होतं ते. रंध्याखाली लाकडाच्या पातळ, गुंडाळलेल्या पट्ट्या निघू लागल्या आणि प्रत्येक पट्टीबरोबर एकेक आठवण सोलून निघत होती. बायकोच्या मावसभावासमोर म्हातारा म्हणाला होता, पाहुण्यांना नकाशा वाचता येत नाही, पण चहा छान करतात. सगळे हसले होते. मुलगी झाली तेव्हा म्हाताऱ्यानं पाळणा स्वतः केला. यानं आणलेलं लाकूड त्या पाळण्यात कुठंच नव्हतं. ती मुलगी आता लग्न होऊन दूर गेली होती आणि फोनवर आधी आजोबा कसे आहेत ते विचारायची. उभ्या पट्ट्यांत त्यानं भोकं पाडली. पटाशी मारताना दात आवळलेले. रागानं केलेलं काम बिघडतं असं लहानपणापासून ऐकलं होतं. हे काम रागानंच सुधारत होतं. प्रत्येक कुसू तो असं करत होता की म्हाताऱ्याच्या घशात ते अडकावं. एकही बोट दाखवायला जागा ठेवायची नाही. बघ म्हणावं. काय बघायचं ते बघ.

आणि बंद दाराआडून म्हातारा ऐकत होता. पटाशीचे घाव पडत असताना एकदा आतून काठीनं जमिनीवर ठोकलं गेलं. बायको आत जाऊन आली आणि चाचरत म्हणाली, बाबा म्हणतायत पटाशीला धार लावा. त्यानं अंगठ्यावर पटाशी घासून बघितली. धार गेली होती. फळीआडूनही हा माणूस आपल्या हातावर बसलेला आहे. काचेची तर त्याला गरजच नाही. त्यानं त्याच बोथट पटाशीनं ते भोक पुरं केलं, मुद्दाम, दुप्पट वेळ घेऊन, मनगट भरून येईपर्यंत. मग धार लावली.

काचवाला काचा घेऊन आला तो जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून. बडबड्या माणूस. आतल्या खोलीत आजारी माणूस झोपतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं आपणहून सुचवलं की इथं धुरकट काच बरी पडेल. उजेड येतो, आब राहतो, पैसेही तेवढेच. "बोला," तो म्हणाला, "आत्ता बदलून आणतो." पॉलिशवाल्याचा हात थांबला होता. यानं हातातली चौकट टेबलावर आडवी ठेवली. बोलण्याची ही एकच वेळ होती. धुरकट काच लावली असती तर म्हातारा संतापला असता, चार दिवस अबोला धरला असता, आणि पुढं सगळं सुरळीत चाललं असतं. पण त्याच्या तोंडून जे निघालं ते त्यालाही थोडं उशिरा ऐकू आलं. "साधीच लावा. त्यांना दिसलं पाहिजे." आज्ञाधारक जावयाचं हे बोलणं काचवाल्याला आवडलं. अशी माणसं राहिली नाहीत हो, असं तो म्हणाला.

दार बसवलं ती सकाळ लख्ख होती. जुनं दार काढून भिंतीला टेकवलं, आणि नव्या दाराला पॉलिशवाल्यानं धरलं, यानं बिजागऱ्या मारल्या. दार आतल्या बाजूला उघडणारं होतं. त्यानं ते एका बोटानं लोटलं. ते गेलं, आलं, आणि कुठंही न घासता, आवाज न करता, चौकटीत जाऊन बसलं. मूठ धरून हलवलं तरी केसभर हललं नाही. पलंगावरून म्हातारा ते सगळं बघत होता. त्याची नजर चौकटीच्या कोपऱ्यांवरून गेली, दांड्यांच्या जोडांवरून गेली, पाचरींच्या टोकांवरून गेली, परत आली आणि पुन्हा गेली. जावई श्वास धरून उभा होता, आपण श्वास धरलाय याचाच त्याला राग येत होता. अखेर म्हातारा म्हणाला, "पाहुणे, वरची बिजागरी सूतभर आत हवी होती."

बिजागरी बरोबर होती. ती सूतभरही इकडची तिकडं नव्हती, आणि हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. म्हाताऱ्याला खोट सापडली नव्हती, म्हणून त्यानं ती केली होती. जावयाला एकदम फार मोकळं, फार हलकं, फार वाईट असं काहीतरी वाटलं. त्यानं हातातला स्क्रूड्रायव्हर पुढं केला, मूठ म्हाताऱ्याच्या बाजूला ठेवून, जसा शिकलेल्या माणसानं द्यावा तसा.

"या की बाबा," तो म्हणाला. "करून दाखवा."

पॉलिशवाला खोकला आणि काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर गेला. म्हाताऱ्याचे हात पांघरुणावर होते. ते तिथंच राहिले. जावयानं थोडा वेळ वाट बघितली, मग स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, बाहेर आला आणि दार ओढून घेतलं. दार इतकं हलकेच मिटलं की त्याला स्वतःच्या कामाचं कौतुक वाटलं.

सुरुवातीचे दिवस ठरल्याप्रमाणे गेले. नजर परत पाठीवर येऊन बसली. पण म्हाताऱ्यानं एका गोष्टीचा विचार केला नव्हता, आणि खरं तर जावयानंही केला नव्हता. एका दुपारी कड सरळ आहे का बघायला त्यानं फळी डोळ्यापाशी धरली, आणि फळीच्या टोकापलीकडे, काचेत, म्हातारा दिसला. तो पाण्याच्या पेल्याकडे हात नेत होता. पेला पलंगाशेजारच्या टेबलावर, जरा लांब ठेवला गेला होता. बोटं कडेला लागत आणि निसटत. म्हातारा थोडा तिरका झाला, दुखलं असावं, तोंड वाकडं झालं, थांबला, पुन्हा हात नेला. दोन पावलं टाकून दार लोटायचं आणि पेला सरकवायचा, एवढंच काम. तो फळी धरून उभा राहिला. त्याला आत्या आठवली. आई गेल्यावर तो आत्याकडे राहायला होता, आणि तो जेवायला बसला की आत्या समोर बसायची. फक्त घास तोंडात जाताना बघायची. त्यानं तेव्हापासून मान खाली घालून जेवायची सवय लावून घेतली होती. ती अजून गेली नव्हती. बघणाऱ्याला काय वाटत असेल, हे मात्र त्याला आजवर कळलं नव्हतं. आता कळत होतं. पोटात काहीतरी ऊबदार पसरत होतं. तेवढ्यात म्हाताऱ्यानं मान वळवली आणि काचेतून त्याला बघितलं. दोघांचे डोळे भिडले. म्हाताऱ्यानं हात मागं घेतला, अगदी सावकाश, जणू त्याला पाणी नकोच होतं, टेबलावरची धूळ तेवढी बघायची होती.

त्यानंतर त्यानं कामाचं टेबल फिरवून घेतलं. इकडून उजेड चांगला येतो, असं पॉलिशवाल्याला सांगितलं. पॉलिशवाल्यानं खिडकीकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि मूग गिळून टेबलाचं दुसरं टोक धरलं. आता तो दिवसभर म्हाताऱ्याच्या समोर काम करी. पाठ त्यानं चोरून ठेवली होती. म्हाताऱ्यानं बघितलं की तो बघे. म्हाताऱ्यानं डोळे मिटले तरी तो बघे, झोपलाय की झोपेचं सोंग आहे हे ओळखायला शिकला. त्याला कळत गेलं की म्हाताऱ्याला डाव्या कुशीवर वळता येत नाही. बायको तोंड पुसते तेव्हा तो हनुवटी लहान मुलासारखी वर करतो. दाढी आठवड्यात दोनदाच होते आणि गळ्याखालचे केस राहून जातात. म्हणजे शेवटचा हात तिथंही कुणी मारत नव्हतं. हे सगळं त्यानं जमा करून ठेवलं, त्याचं पुढं काय करायचं हे माहीत नसताना. पडदा लावायचा का, असं बायकोनं एकदा वडिलांना विचारलेलं त्यानं ऐकलं. म्हातारा म्हणाला होता, पडदा कशाला? मी काय चोरी केलीय? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो मनात म्हणाला. आणि त्या पिळाबद्दल त्याला जवळजवळ प्रेम वाटलं. पडदा लागला असता तर त्याचं काय राहिलं असतं?

मग त्याला ते जेवणाच्या सुट्टीचं कळलं. दुपारी पॉलिशवाला घरी जाई, तो वर जेवायला जाई, आणि त्या वेळात बायको खाली येऊन वडिलांचं सगळं करी. भांडं देई, पुसून घेई, कपडे बदली. म्हातारा सकाळपासून त्या वेळेची वाट बघत असे. कितीही निकड असो, कारखान्यात माणूस असेपर्यंत तो हाक मारत नसे. ओठ मिटून, नजर छताला लावून पडून राही. जेवणाची वेळ जवळ आली की त्याची बोटं पांघरुणाची कड चुरगाळू लागत. हे ध्यानात आल्यावर त्या दिवशी त्याला घास गोड लागला नाही, इतका तो विचारात पडला होता. दुसऱ्या दिवशी पॉलिशवाला गेला, तो गेला नाही. बायको जेवायला बोलवायला आली तर म्हणाला, हातातलं संपवून येतो, तू झाकून ठेव. ती आत गेली. त्यानं मान खाली घातली होती, पण कान आत होते. तिनं काहीतरी विचारलं आणि म्हातारा म्हणाला, नको. आत्ता नको. तिनं पुन्हा विचारलं. नको म्हणतोय ना, म्हातारा जोरात म्हणाला. ती बाहेर आली, गोंधळलेली, आणि वर गेली. तो रंधत राहिला. काचेपलीकडे छताला लागलेले दोन डोळे.

असं पुढं रोज होऊ लागलं. ऑर्डर मोठी आहे, असं तो सांगे. बायको म्हणे, बाबांचं पोट बिघडलंय की काय, दुपारी काही होत नाही त्यांना, संध्याकाळी मग हाल होतात. तो म्हणे, वय झालं. त्याला स्वतःची भीती वाटत नव्हती असं नाही. जिना चढताना कधी कधी मध्येच थांबून तो विचार करी की उद्या आपण सरळ वर जेवायला येऊ, त्यात काय आहे? पण दुसऱ्या दिवशी ती वेळ आली की पाय टेबलाशी रुतून बसत. मनात एक हिशेब चालू होई, ज्यात एवढी वर्षं एकाच बाजूला मांडलेली होती आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. एकदाच हाक मार, तो मनात म्हणे. माझ्यासमोर एकदा हाक मार, मी लगेच जातो. म्हातारा हाक मारत नसे.

मग एका दुपारी पलंग भिजला. आवाज काहीच झाला नाही. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी निघून गेलं, एवढंच त्याला काचेतून दिसलं. एखादं गाठोडं हातातून सुटावं तसं. म्हाताऱ्यानं डोळे मिटले नाहीत. तो छताकडेच बघत राहिला. थोड्या वेळानं बायको भांडं घेऊन आत आली. तिनं पांघरूण उचललं. तिनं वडिलांच्या कपाळावर हात ठेवला, आणि मग, त्यांच्या नजरेची दिशा सोडून, ते इतके दिवस कुणाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते ते बघायला तिनं मान वळवली. काचेच्या लहान लहान चौकोनांतून तिला नवरा दिसला. त्याच्यासमोरचं टेबल दिसलं. टेबलावर ऑर्डरचं काही नव्हतं. एक फुटका, गाठीचा तुकडा होता, रंधून रंधून बोटाएवढा पातळ झालेला, आणि तो अजून त्याच्यावर रंधा फिरवत होता.

ती बाहेर आली आणि तिनं दार ओढून घेतलं. तो तुकडा उचलून तिनं हातात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला आणि परत ठेवला. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

कसले किती दिवस, असं काहीतरी तो म्हणाला. काचेचं दार मी मागितलं नव्हतं, असंही म्हणाला. त्यांनी मागितलं, मी करून दिलं, साधी काच हवी म्हणाले, साधी लावली. तो बोलत गेला. पाळण्याचं बोलला, पेन्सिलीच्या रेघेचं बोलला, पाहुणे या शब्दाचं बोलला. इतकी वर्षं घशात राहिलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं, आणि बाहेर पडता पडताच ते त्याला लहान लहान, भुशासारखं दिसत होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मध्ये तोडलं नाही.

"हे सगळं मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी त्यांच्यावर चिडत होते. रोज. तुमच्या बाजूनं. आता मला कुणाच्या बाजूनं व्हायला जागा ठेवली नाहीत तुम्ही."

दार काढतो, तो म्हणाला. आज संध्याकाळी काढतो, जुनं बसवतो. तिनं मान हलवली. "राहू दे. त्यांना हवंय ते." मग तिनं टेबलाखालच्या कपाटातून स्वच्छ फडक्यांचा गठ्ठा घेतला आणि जेवायला जा, वर झाकून ठेवलंय, म्हणाली. परक्या माणसाला वाट सांगावी तसं. ती आत गेली, दार मिटलं, आणि काही क्षण तिनं आत कुठं काय आहे ते बघितलं. वडिलांना काहीतरी म्हणाली. भांडं आणि कोरडी फडकी त्यांच्या हाताशी सरकवून दिली, ओली चादर सोडवून दिली. हाताशी दिलं की तेवढं त्यांचं त्यांना करता येत होतं. मग ती दारापाशी आली आणि काचांना पाठ लावून उभी राहिली.

त्याला तिची पाठ दिसली, काचांच्या चौकोनांत चौकोन चौकोन झालेली. खांदे, मान, सैल झालेला अंबाडा. आतलं बाकी काही दिसत नव्हतं. तो वर गेला. ताट झाकलेलं होतं. खाली मान घालून तो सगळं जेवला. अन्न थंड होतं, तरी जेवला, ताट धुतलं, पुसून जागच्या जागी ठेवलं. मग खुर्चीवर बसून राहिला. आतापर्यंत सगळं उरकलं असेल असं वाटलं, तरी आणखी बसला. खाली आला तेव्हा पॉलिशवाला परत येऊन डबे उघडत होता आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड करून बसला होता.

ती तिथंच होती. तशीच, काचांना पाठ लावून. आत म्हाताऱ्याचा घोरण्याचा बारीक आवाज येत होता. उभं राहण्याचं काही कारण उरलं नव्हतं. तो दारापाशी गेला. काचेवर, तिच्या खांद्याशेजारी, त्यानं बोटानं हलकेच टकटक केलं. ती वळली नाही. अगं, तो म्हणाला. ती वळली नाही. त्यानं मूठ फिरवली आणि दार थोडं आत लोटून बघितलं. दार उघडलं नाही. तिचा भार त्याच्यावर होता. फार नव्हता. बारीक अंगाची बाई, लोटलं असतं तर सरकली असती. दारात कुठं ढिलाई नव्हती, सांध्यात नाही, बिजागरीत नाही, इतकं चोख बसलेलं होतं ते, की पलीकडची बारीकशी हालचालही त्याच्या तळहातात येत होती. ती श्वास घेत होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर मूठ किंचित त्याच्याकडे येत होती आणि किंचित जात होती. त्यानं जोर लावला नाही. हात काढून घ्यायला हवा होता, पण तोही त्याच्यानं काढवेना.